सोनशेंडीवाले काका

दार उघडलं तर समोर एक गृहस्थ उभे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात दोन वेगवेगळ्या सपाता. ओळख ना पाळख, आणि तोंड उघडून पहिलं वाक्य काय, तर, "तुमच्या हॉलमधल्या एसीच्या पंख्याचं बेअरिंग जायला लागलंय. परवापासून ऐकतोय. आज नाही राहवलं."

शारजाच्या अल नहदात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. खोकी तशीच पडलेली, गॅसचा पत्ता नाही, आणि हा माणूस सरळ आत येऊन खुर्चीवर चढला आणि जाळीला कान लावून डोळे मिटून उभा राहिला. नवरा माझ्याकडे बघतोय, मी नवऱ्याकडे. "हं," ते म्हणाले, "अजून पंधरा दिवस काढेल. पण वॉचमनला आजच सांगून ठेवा. त्याच्या इन्शाल्लाला पंधरा दिवस लागतातच." चहा नको म्हणाले आणि निघून गेले. बेअरिंग त्यांनी सांगितलं होतं तेव्हाच गेलं.

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. पुढे मला दुबईच्या जबल अलीतल्या एका जनरेटर बनवणाऱ्या कंपनीत पर्चेसमध्ये नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये बघते तर हेच समोर! तिथे ते टेस्टिंगचे मॅनेजर होते. तयार झालेला प्रत्येक जनरेटर शेडमध्ये फुल लोडवर चालवायचा, त्यांनी तो ऐकायचा, आणि मगच तो कंपनीच्या बाहेर पडायचा. सगळे त्यांना सर म्हणत. मी शेजारीण म्हणून काका म्हणायची, ऑफिसातसुद्धा.

त्यानंतर आम्ही रोज एकत्र जाऊ लागलो. गाडी माझी, स्टिअरिंग माझं, हुकूम त्यांचे. रेडिओ बंद. एसी एकवर. फोन आला तर "यल्ला, आटप" म्हणून माझ्याकडे बघत बसायचे. शारजातून निघाल्यावर ट्रॅफिकमध्ये दीड तास नुसतं बसायचं आणि गाणं लावायचं नाही! एकदा मी चिडून म्हटलं, "काका, एवढा वेळ करायचं तरी काय माणसाने?" तर म्हणाले, "ऐकायचं. तुझ्या मागच्या डाव्या चाकात काहीतरी अडकलंय." बघितलं तर खरंच खडा होता.

शेडमध्ये कानावर आवाज अडवणारा मफ लावायचा नियम होता. काका लावत नसत. सेफ्टी ऑफिसर बिचारा मल्याळी, हात जोडून मागे फिरायचा, "सर, रूल है." काका म्हणायचे, "रूल इंजिन को बोलो, वो धीरे बात करेगा." मला मराठीत सांगायचे, "मफ लावून इंजिन तपासायचं म्हणजे हातमोजे घालून पुरणपोळी खायची. पोट भरेल गं, पण कळणार काय?"

हे सगळं एकवेळ चाललं असतं. माणूस मशीनचा आहे, कानाचा आहे, म्हणून सोडून दिलं असतं. पण काकांना दुसरं वेड होतं, आणि ते एका पक्ष्याचं होतं.

तरुणपणी, दुबईला यायच्याही आधी, हिमाचलमधल्या एका हॉटेलात जनरेटर बसवायला कंपनीने त्यांना पाठवलं होतं. चारी बाजूंना देवदारांचं जंगल. ट्रायल झाली, काकांनी मशीन बंद केलं, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत डोक्यावरच्या फांदीतून एक आवाज आला. इतका बारीक की आधी त्यांना वाटलं कुठेतरी पट्टा घासतोय. म्हणून ते मशीनभोवती फिरले. मग वर बघितलं. अंगठ्याएवढा पक्षी, डोक्यावर मधोमध पिवळीधमक रेघ. गात होता. काकांचं तिथेच काम तमाम झालं.

त्याला मराठीत धड नाव नाही म्हणून काकांनीच ठेवलं, सोनशेंडी. पक्षी म्हणून काही भव्य वगैरे नाही. पण काकांना त्याची एक गोष्ट भारी होती: तो जंगल सोडत नाही. बर्फ पडला तर फार तर डोंगरावरून थोडा खाली उतरतो, तोही देवदार धरूनच. "आपण बघ," ते म्हणायचे, "पोटासाठी समुद्र ओलांडून आलो आणि वर रडतोय. हा मूठभरसुद्धा नाही, पण थंडीत पाय रोवून उभा असतो. ह्याला म्हणतात नागरिक!" हिवाळ्यात ऑफिसची मंडळी खाडीवर फ्लेमिंगो बघायला जायची, फोटो दाखवायची. काका बघायचेसुद्धा नाहीत. "व्हिजिट व्हिसावाले पक्षी," म्हणायचे, "मुदत संपली की चालले."

त्या एका वेळेनंतर काकांनी सोनशेंडी पुन्हा ऐकला नव्हता. सुट्टी मिळाली की एका वर्षी बहिणीचं लग्न, एका वर्षी वडिलांचं ऑपरेशन, मग पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा, मग मुलाची ॲडमिशन. आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. गल्फमध्ये माणूस सगळं पुढच्या वर्षावर टाकतो, आणि पुढच्या वर्षीही तो इथेच असतो. पण काकांनी नाद सोडला नव्हता. रिटायर झाल्यावर पुण्याला जायच्या आधी सरळ जंगलात जायचं आणि तो ऐकल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि तयारी काय, बाई! सत्तेचाळीस डिग्रीत शारजाच्या बाजारातून लोकरीचं जाकीट घेतलं. थंडीची सवय पाहिजे म्हणून मॉलमधल्या त्या बर्फाच्या जागेत तिकीट काढून जाऊन बसायचे. स्की करायला नाही, नुसते बसायला. तिथली फिलिपिनो मुलगी विचारायची, "सर, नो स्की?" काका म्हणायचे, "नो. ओन्ली सिटिंग." शनिवारी रस अल खैमाच्या डोंगरात जाऊन घडीची खुर्ची टाकून तासभर न बोलता, न हलता बसायचा सराव चालायचा. आम्हालाही न्यायचे. माझी लेक कानात पुटपुटायची, "मम्मा, इज अंकल ओके?" मी म्हणायची, "ही इज प्रॅक्टिसिंग." आता काय सांगणार?

काकूंनी त्या पक्ष्याचं नाव सवत ठेवलं होतं. "माझ्या वाढदिवसाला ह्या माणसाने मला दुर्बीण दिली," त्या सांगायच्या. "आणि ती कुणी वापरायची, तर ह्यांनी." कुकरची शिट्टी झाली तरी ह्यांना ऐकू येत नाही, ओव्हन बोंबलतो तरी ढिम्म, आणि म्हणे पक्षी ऐकणार, ही त्यांची कायमची तक्रार. आम्ही हसायचो. नवऱ्यांना घरातलं काय ऐकू येतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र काका अजिबात चालवून घेत नसत. रेकॉर्डिंग. फोनवर कुठल्याही पक्ष्याचा आवाज मिळतो, सोनशेंडीचाही मिळतो, पण त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. "लग्नाचा अल्बम बघून ढेकर देणारा माणूस मी नाही," म्हणायचे. "ऐकेन तर त्याच्या तोंडून."

शेवटच्या वर्षी त्यांची रिटायरमेंट ठरली, दिल्लीची तिकिटं आली. वसंतातच तो जोरात गातो, म्हणून एप्रिलच्या अखेरीस निघायचं ठरलं. त्याच्या आधीच्या एका शनिवारी आम्ही डोंगराकडे निघालो होतो. मी चालवतेय, शेजारी काका, मागे लेक. काका खुशीत होते. देवदार कसा दिसतो, कुठल्या फांदीवर हा बसतो, सगळं सुरू होतं. मला खोडी काढायची लहर आली. म्हटलं, एवढा नियम करून बसलाय म्हातारा, एकदा मोडूया! सोनशेंडीचं रेकॉर्डिंग मी आधीच शोधून ठेवलं होतं. स्टिरिओला फोन जोडलेला होता. हळूच लावलं.

काका बोलतच राहिले.

मला वाटलं, मुद्दाम करतायत. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. मागून लेक ओरडली, "मम्मा, टर्न इट डाऊन! इट्स हर्टिंग माय इअर्स!" तिने दोन्ही कान हातांनी झाकले होते. काका मागे वळले आणि प्रेमाने म्हणाले, "काय झालं बेटा? कान दुखतोय?"

मी पटकन स्टिरिओ बंद केला, तेवढ्यात त्यांनी माझा हात बघितला.

"काय लावलं होतंस?"

खोटं बोलायचं होतं मला. सुचलंच नाही. म्हटलं, "सोनशेंडी."

काका मग म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावलं. त्यांनी वाकून दाराच्या स्पीकरला कान टेकवला. "वाढव."

"फुल आहे काका."

"वाढव म्हणतो ना!"

"काका, फुल आहे."

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली. उतरून उन्हात उभे राहिले. मी लेकीला ज्यूस घेऊन दिला आणि त्यांच्याजवळ गेले. मला समजत नव्हतं ते एकच. दरवर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये कानाची टेस्ट असते. काका दरवर्षी पास व्हायचे, ऐटीत सर्टिफिकेट दाखवायचे. मी तेच विचारलं.

"बूथमध्ये बसवतात," ते म्हणाले. "हातात बटण असतं. आवाज आला की दाबायचं. समोर काच असते, पलीकडे तो टेक्निशियन. आवाज सोडताना त्याचा खांदा हलतो. मी खांदा बघून दाबतो."

"काय?"

"सुरुवातीला एखादा आवाज हुकला असेल, म्हणून बघितलं. मग सवय लागली. नापास झालो असतो तर शेडमधून उचलून टेबलावर बसवलं असतं मला. फायली बघत." मग म्हणाले, "मला वाटत होतं, मी त्यांना फसवतोय."

मला असा संताप आला! त्यांचा आला, त्या खांदेहलव्या पोराचा आला, त्या मफचा आला. एवढं हुशार माणूस, बेअरिंगची घरघर मजल्याआडून ऐकणारं, आणि स्वतःचे कान किती गेलेत ते त्याने एकदाही खरं मोजू दिलं नाही! इतकी वर्षं त्यांना ऐकू येत होतं ते जाड, खालचं. पंख्यांची घरघर, इंजिनांचा ठोका. वरचं बारीक कधी निसटून गेलं, ते कळलंच नाही त्यांना. कळणार कसं? बारीक असं ते ऐकत काय होते? ओव्हन बोंबलत होता, तोही ह्यांच्या लेखी मुका होता.

पुढचा आठवडाभर काका माझ्या गाडीत बसले नाहीत. कंपनीच्या बसने गेले. लिफ्टमध्ये भेटले तरी मान वळवायचे. काकू म्हणाल्या, घरातही तसंच. बोलत नाहीत, बॅग भरायचं नाव काढत नाहीत. मला वाटलं, संपलं. आता तिकिटं रद्द होणार.

मग एका सकाळी माझ्या गाडीचं दार उघडून बसले. बेल्ट लावला. म्हणाले, "काल जाऊन टेस्ट करून आलो. डोळे मिटून."

"मग?"

"वरचं सगळं खलास. कानाला मशीन लावूनही ते परत येणार नाही म्हणाला डॉक्टर. खालचं शाबूत आहे. म्हणजे तुझी बडबड मरेपर्यंत ऐकायची आहे."

मला हसावं की रडावं कळेना. विचारलं, "मग आता?"

"आता काय? जायचं."

"पण काका..."

"त्याने गाणं सोडलंय का? नाही ना? मग मी जाणं का सोडू?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दिसायला मला दिसेल. पण तो गातोय की नुसता किडे टिपतोय, ते सांगायला सोबत चांगले कान पाहिजेत. तू चल."

मला मे महिन्यात सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी मुलाला विचारलं, तो कॅनडात. दोन-तीन मित्रांना विचारलं, ते हसले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते, आणि काका यादीत अजून कोण उरलंय ते आठवत बसले होते. काकू स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

"का हो, माझे कान काय भाड्याने दिलेत?"

एवढी वर्षं संसार केला आणि हा पर्याय काकांच्या डोक्यातच आला नव्हता! "तुला आवडत नाही ना तो," ते कसेबसे म्हणाले.

"नाहीच आवडत," काकू म्हणाल्या. "सवत कुणाला आवडते? पण तुम्ही झाडाखाली तोंड वर करून बसणार आणि तो गाऊन निघून जाणार, ते मला नाही बघवणार. शिकवा."

मग वरच्या मजल्यावर शाळा सुरू झाली. रेकॉर्डिंगवरची बंदी उठली, "अभ्यासाला चालतं" म्हणून. काका फोनवर तिथल्या जंगलातल्या चार-पाच पक्ष्यांचे आवाज आळीपाळीने लावायचे आणि काकूंनी ओळखायचं. गंमत अशी, की मास्तरांना स्वतःला त्यातलं निम्मंअधिक ऐकू येत नव्हतं. ते फोनवरच्या हलणाऱ्या रेघा बघून परीक्षा घ्यायचे. पहिल्या दिवशी काकूंना सगळ्याच चिमण्या वाटल्या. काका कपाळाला हात लावून बसले.

"डोळे मीट," ते सारखे ओरडायचे. "माझ्याकडे बघू नकोस, फोनकडे बघू नकोस. मी केलं ते तू करायचं नाही."

"अहो, भाजी करपतेय माझी!"

"करपू दे. हा कोण?"

"हा तो नाही. हा तो दुसरा, नाटकी."

पण काकूही हटल्या नाहीत. भांडी घासताना फोन ओट्यावर ठेवून ऐकायच्या. मिक्सर लावून ऐकायच्या, वरून एक्झॉस्ट फॅन. म्हणायच्या, जंगलात वारा असेल, शांतता थोडीच असेल? एकदा लिफ्ट कुरकुरली तर आपसूक म्हणाल्या, "हा नव्हे." लिफ्टमधला पठाण दचकला. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी शेवटची परीक्षा घेतली, मला समोर बसवून, कारण त्यांच्या मते घरातल्या घरात परीक्षा म्हणजे वशिला. काकूंचं एकही उत्तर चुकलं नाही. काकांनी मान डोलावली, बास. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. पण दुर्बीण उचलून त्यांनी काकूंच्या पर्समध्ये ठेवली, ते मी बघितलं.

सामान समुद्रमार्गे पुण्याला गेलं, व्हिसा कॅन्सल झाला, नातेवाईक रुसले. एवढ्या वर्षांनी कायमचे परत येताय आणि आधी घरी नाही, तर जंगलात? काकांनी फोनवर सांगितलं, "घर काही पळून जात नाही."

मग रोज काकूंचा मेसेज यायचा. आज नाही. आज पाऊस. आज ह्यांचा गुडघा. आज नाही. आज लांबून एक ऐकला पण दिसला नाही, ह्यांना म्हटलं खात्री नाही, उगाच हो म्हणणार नाही. आज नाही. मी इथे जबल अलीत ऑर्डरी टाकत बसायची आणि फोन वाजला की ऑर्डर अर्धी सोडून बघायची. नवरा म्हणायचा, अगं पक्षी आहे, निकाल नाही. मी त्याच्याशी भांडायची.

आणि एका सकाळी मेसेजच्या ऐवजी फोन आला. व्हॉट्सॲपचा कॉल इथे लागत नाही म्हणून काकूंनी साधा लावला होता. बाजूच्या शेडमध्ये जनरेटर चालू होता, काही ऐकू येईना. मी धावत पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले, काचा वर केल्या.

"बोलू नकोस," काकू कुजबुजत होत्या. "आलाय. समोरच्या देवदारावर. मधल्या फांदीत. ह्यांनाही दिसलाय."

मागून काकांचा दबलेला आवाज. "चोच उघडतोय. गातोय का?"

"गातोय."

"डोळे मिटून सांग."

"मिटलेत हो. गातोय."

मी फोन कानात घुसवला. वाऱ्याची खरखर तेवढी येत होती. पक्षी मलाही ऐकू येत नव्हता.

"कसा गातोय?"

"कसा म्हणजे? फोनमधल्यासारखा."

"फोनमधला मी ऐकलेला नाही," काका म्हणाले. "तू सांग."

मला वाटलं, आता काकू काय सांगणार! आयुष्यात ह्यांनी पक्ष्यांबद्दल एक शब्द चांगला काढलेला नाही. मग हळूहळू म्हणाल्या, "अहो, हिरवी मिरची दाताखाली आली की माणूस सी सी करतं ना, तसं. बारीक. भराभर. वाढतच जातं, वाढतच जातं, आणि मग एकदम पाणी मिळाल्यासारखं खुदकन हसून संपतं."

मग काका म्हणाले, "तोच. ते शेवटचं खुदकन. तोच आहे."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होते. पार्किंगचा सिक्युरिटीवाला काचेवर टकटक करून "मॅडम, ओके?" विचारत होता, मी हातानेच जा म्हटलं.

"आता?" काकांनी विचारलं.

"चालू आहे."

"आता?"

"अहो, चालू आहे. मला ऐकू द्या."

"बरं. थांबला की सांग."

"सांगते," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी थांबला म्हणायच्या आतच रेंज गेली.